नऊची गाळणी

३ जानेवारी

हिशेबाची वही उलटी धरून मागच्या पानापासून लिहायला घेतलं आहे. पुढून दूध, किराणा, वीज, मागून हे. दोन्ही बाजू मधे भेटल्या की वही संपेल. नवी वही आणायची चैन नको. मॅट्रिकच्या परीक्षेनंतर एवढं सलग कधी लिहिलं नाही, पण मनात येतं ते बोलायचं कोणापाशी? देवापाशी बोलते. तो सगळं ऐकून घेतो, पण उलट एक शब्द विचारत नाही.

आज मशीन आलं. पुढच्या खोलीत ह्यांचा तपासणीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, दोन वाकड्या मानेचे दिवे आणि कंपनीतून येणाऱ्या काळ्या रबरी रिंगांच्या पिशव्या. गॅसच्या सिलिंडरवर रेग्युलेटर बसवतात, तिथे आत ही रिंग असते. तिला केसाएवढी जरी चीर असली तरी गॅस झिरपतो. कंपनी रिंगा बनवते, हे दिव्याखाली एकेक तपासतात आणि वन्सं चांगल्या रिंगा पिशव्यांत भरतात. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्यांचे यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असतात. ह्यांच्या नजरेतून चीर सुटली असं कधी झालं नाही. कंपनीत ह्यांना सगळे ‘घार’ म्हणतात, तोंडावर ‘घारसाहेब’.

आता कंपनीचं म्हणणं, डोळ्यांनी तपासलेला माल पुढे कोणी घेत नाही, कॅमेऱ्याने तपासलेला लागतो. मशीन ठेवा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. ह्यांनी दोन दिवस तोंड बंद ठेवलं आणि मग हो म्हणाले.

कपाटाएवढं धूड दारातून आत येईना. शेवटी हमालांनी दाराची कडी उचकटली. वन्सं म्हणाल्या, “घे गं, आली तुझी सवत. आणि तीही विजेवर जगणारी.”

देवा, हिला सांभाळून घे.

५ जानेवारी

कंपनीने सेटिंग करायला माणूस पाठवला आहे. पोट सुटलेला, हसरा, चहा बिनसाखरेचा. त्यांना आम्ही सेटिंगवालेच म्हणतो. मशीनमध्ये काचेची गोल थाळी फिरते. तिच्यावर रिंग ठेवली की वरून कॅमेरा फोटो काढतो. रिंग चांगली असली तर पांढऱ्या ट्रेमध्ये पडते, खराब असली तर फुस्स करून वारा येतो आणि ती लाल ट्रेमध्ये उडते. ते फुस्स ऐकून वन्सं दर वेळी दचकतात आणि मग हसतात.

पडद्यावर दोन चित्रं दिसतात. डावीकडचं कच्चं, उजवीकडचं गाळलेलं. मी विचारलं, गाळलेलं म्हणजे काय? हे म्हणाले, “तू चहा टाक.” पण सेटिंगवाल्यांनी नीट सांगितलं.

“वहिनी, चित्र म्हणजे नुसते ठिपके. रिंगा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पांढरी पावडर लावलेली असते ना, तिचा कण कॅमेऱ्याला दोष वाटतो. म्हणून मधे फिल्टर लावायचा. तो प्रत्येक ठिपक्याच्या शेजाऱ्यांना बोलावतो, काळ्यापासून गोऱ्यापर्यंत रांगेत उभं करतो आणि बरोबर मधला जो असेल त्याचा रंग ह्या ठिपक्याला देतो. काळ्या शेजाऱ्यांत एकटाच पांढरा कण असला की पुसला जातो. तीनची चौकट ठेवली तर अगदी लागूनचे शेजारी येतात. पाचची, सातची, नऊची ठेवली तर सगळी गल्ली गोळा होते.”

वन्सं म्हणाल्या, “मग नऊचीच ठेवा की. पावडरचा नायनाट.”

“आणि चिरेचाही, ताई. चीर केसासारखी. नऊच्या चौकटीत तिची माणसं कमी पडतात. बहुमतात हरते बिचारी.”

“म्हणजे माझ्या सासरसारखंच,” वन्सं म्हणाल्या. सेटिंगवाले चहा सांडेपर्यंत हसले.

तीनची चौकट लावली. जाताना ते ह्यांना म्हणाले, “घारसाहेब, मशीनला अक्कल नसते. तुमची नजर हेच माप. तुम्ही टाकाल ती रिंग तिने टाकली, तुम्ही ठेवाल ती ठेवली, की जुळलं. नाही जुळलं तर हे इथून बदलायचं. ह्या बटणांना परवलीचा शब्दही लावता येतो, पण तुमच्याच घराला कुलूप काय लावायचं?” असं म्हणून कुठली बटणं दाबायची ते दाखवलं. ह्यांची छाती जरा फुगली. बरं वाटलं बघून.

९ जानेवारी

फुस्स, फुस्स, फुस्स. दिवसभर हेच. लाल ट्रे भरून वाहतो आहे. हे त्यातल्या रिंगा उचलतात, दिव्याखाली धरतात, फिरवतात आणि म्हणतात, “काय झालंय हिला? हिला काही झालेलं नाही.” मशीन मात्र पुढची उडवतं.

जेवताना म्हणाले, “एवढी वर्षं मी पास केलेली रिंग परत आली नाही. आणि हे डबडं मला शिकवतंय.” मी म्हटलं, नवीन आहे, रुळेल. म्हणाले, “सून आहे का रुळायला?” पाणी ओतून घेताना पेल्याच्या बाहेरच ओतलं. रागात लक्ष कुठे असतं माणसाचं!

१६ जानेवारी

ह्यांनी पाचची चौकट केली. लाल ट्रे निम्म्यावर आला. सकाळी सेटिंगवाल्यांचा फोन आला होता, हे म्हणाले, “थोडं बदललंय, आता ठीक आहे.” तेही म्हणाले, तुम्ही म्हणताय म्हणजे ठीकच.

मशीन आत घेताना हमालांनी दाराची चौकट वाकवली असं ह्यांचं म्हणणं. “मधे बघ, पोट आलंय तिला.” मला काही दिसलं नाही. सुताराला निरोप पाठवू म्हणाले. मी म्हटलं, दार लागतं ना, मग राहू दे, सुतार काय फुकट येतो? त्यावर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हल्ली बोलताना नजर माझ्या कानापाशी कुठेतरी असते. रागावले आहेत. मशीनचा राग माझ्यावर. एका वेळचं जेवण सोडायचं ठरवलं आहे, ह्यांचं मन शांत होईपर्यंत.

२० जानेवारी

चित्रावर डाग आला आहे. म्हणजे हे म्हणतात. मधोमध, धुरकट, अंगठ्याच्या ठशाएवढा. त्यामुळे नीट बघताच येत नाही म्हणे.

मला एकदम आठवलं. परवा झाडताना मी कॅमेऱ्याची काच पुसली होती. सेटिंगवाल्यांनी खास मऊ कापडाची पुडी दिली आहे, पण ती एकदा वापरून टाकायची. असं कापड फेकायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. म्हणून ह्यांच्या जुन्या बनियनच्या फडक्याने पुसली. ओरखडा पडला असेल का? एवढी महागाची काच.

कोणाला सांगितलं नाही. देवाला सांगितलं.

२३ जानेवारी

डाग जात नाही. हे काच पुसतात, पडदा पुसतात, पुडीतली सगळी कापडं संपवली. मोठा चलाख डाग आहे हा. हे म्हणतात, मधे बघावं तर मधे असतो, कोपऱ्यात बघावं तर कोपऱ्यात येऊन बसतो. सेटिंगवाल्यांना फोन केला. त्यांनी तिकडे बसून आमचा पडदा बघितला (ते तसं करू शकतात म्हणे) आणि म्हणाले, “साहेब, मला तर स्वच्छ दिसतंय.” हे चिडले. “तुम्ही तिकडून बघताय, मी इथे समोर बसलोय!”

मग मला हाक मारली. “अगं, इकडे ये. हात पुसून ये. बघ, दिसतोय की नाही डाग?”

मी पडद्यासमोर उभी राहिले. रिंग दिसत होती. काळी, गोल, पावडरचे दोन-चार कण. डाग नव्हता. किंवा मला दिसत नव्हता. मी विचार केला, ह्यांची नजर घारीची, माझी शेगडीच्या धुराने गेलेली. त्यातून काच मीच पुसलेली, म्हणजे ओरखडा असणारच. आणि ह्यांचा चेहरा असा झाला होता की मी नाही म्हटलं असतं तर खुर्चीवरून उठता आलं नसतं त्यांना.

“हो,” म्हटलं. “आहे की.”

“बघा!” फोनवर ओरडले, “ही पण म्हणतेय.”

सेटिंगवाले नरमले. लेन्सचं बघू म्हणाले, पुढच्या खेपेला घेऊन येतो, तोवर तुमच्या नजरेनं चालू द्या.

मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी ह्यांनी मागून वाढून घेतलं.

२८ जानेवारी

सात केली होती. आज नऊ. हे म्हणाले, “आता कसं लोण्यासारखं चित्र आलं.” डाग गेला का, विचारलं. म्हणाले, “आहे, पण आता त्याने काही अडत नाही.”

लाल ट्रे जवळजवळ रिकामा. वन्सं म्हणाल्या, “सवत माणसाळली बाई.” मला सेटिंगवाल्यांचं ते बहुमताचं आठवलं. ह्यांना म्हटलं, नऊमध्ये चीर हरते असं ते म्हणाले होते ना? “मी आहे ना बघायला,” म्हणाले. “वर मी हाताने बघतोच आहे मधली मधली. एक खराब सापडलेली नाही.”

हे बघताहेत म्हटल्यावर माझी काळजी मिटली. सोडलेलं जेवण सुरू केलं.

६ फेब्रुवारी

कंपनीच्या साहेबांचा फोन आला. खूश आहेत. आमच्याकडचा माल सगळ्यांत लवकर निघतो. पिशव्या दुप्पट येणार. वन्सं रिंगा भरता भरता गाणं म्हणत होत्या. हे ओरडले नाहीत.

एकच वाईट झालं. मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई रस्त्यात समोरून आली, हसली, आणि हे तिच्या अंगावरून सरळ पुढे निघून गेले. तिने मला दुकानात गाठून सुनावलं, “कंपनीचं मशीन आलं तर माणसं दिसेनाशी झाली का हो तुमच्या मालकांना?” मी म्हटलं, डोक्यात कामाचा विचार असतो. घरी येऊन वन्संना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “लहानपणापासून तसाच आहे तो, शिष्ट.” पण लहानपणापासून सुईत दोरा हेच ओवून देत आले आहेत वन्संना. काल त्यांनी सुई पुढे केली तर म्हणाले, “मला तेवढा एकच उद्योग आहे का?” वन्संचं तोंड एवढंसं झालं. शेवटी मी ओवला, चौथ्या खेपेला.

सायकलही घेत नाहीत. गुडघा म्हणे.

११ फेब्रुवारी

हे बाहेर गेले होते तेव्हा मी दोऱ्याला कुलूप बांधून दाराच्या चौकटीला लावून बघितलं. आमच्या वडिलांनी घर बांधताना गवंडी असंच करायचा. चौकट सरळ आहे. अगदी दोऱ्यासारखी सरळ. दोन्ही बाजूंनी बघितलं.

सुताराला मी परस्पर नको म्हणून सांगितलं. ह्यांना म्हटलं, तो गावाला गेलाय. हेही खोटंच.

१९ फेब्रुवारी

आज केर काढताना टेबलाखाली रिंग सापडली. पांढऱ्या ट्रेमधून घरंगळलेली, म्हणजे पास झालेली. तिच्यावर बारीक रेघ दिसली. मी ह्यांच्याकडे नेली. त्यांनी ती दिव्याखाली धरली, मान तिरकी करून बघितली, परत बघितली.

“साच्याची रेघ आहे ही. दोन साचे जुळतात तिथे येते.”

“पण ती आडवी आहे. साच्याची कडेने असते ना?”

“मॅट्रिकला होता वाटतं हा विषय?”

वन्सं हसल्या, मीही हसले. रिंग पदराच्या गाठीला बांधावी तशी रुमालात बांधून ठेवली. का ठेवली, माहीत नाही. आपलं आपल्यालाच कळत नाही कधी कधी.

४ मार्च

आज कामं तशीच टाकून लिहायला बसले आहे.

कंपनीचे साहेब सकाळी फोनवर बोलले ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं, एवढ्या मोठ्याने. दोन दुकानांतून तक्रार आली आहे, नव्या रिंगा गळतात. आणि एका घरी भडका उडाला. बाई चहा टाकायला गेली, काडी ओढली आणि... हात भाजले. जिवावरचं हातावर निभावलं म्हणाले. पिशवीवर आमचा शिक्का होता.

ह्यांनी फोन खाली ठेवला तो जागेवर नाही, टेबलाच्या कडेवर. तो पडला. उचलायला वाकले आणि हाताने चाचपडत राहिले. फोन त्यांच्या पायाशीच होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन रुमाल सोडला. रिंग दोन्ही हातांनी ताणली. रेघेचं तोंड उघडलं. चिमणीच्या पिल्लासारखं, लालसर नाही, काळं. सोडली की मिटलं. परत ताणली, परत उघडलं.

ती बाई कोण असेल? माझ्याएवढी असेल का? दिवा लावला, पण देवासमोर बसवेना.

६ मार्च

आज साहेब आणि सेटिंगवाले दोघेही आले. सेटिंगवाले ह्या वेळी हसले नाहीत, चहाही नको म्हणाले. पडद्यासमोर बसले, बटणं दाबली आणि तसेच थांबले.

“नऊ? नऊ कोणी केली?”

“मी,” हे म्हणाले. “डाग होता म्हणून. मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं.”

“साहेब, मी तेव्हाही बघितलं होतं. डाग नव्हता.”

“कसा नव्हता? आत्ताही आहे, हा काय!” ह्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. सेटिंगवाल्यांनी खिशातून नवी लेन्स काढली, बसवली. “आता?”

“आहे.”

त्यांनी पडद्याची तार काढून आपल्याबरोबर आणलेला दुसरा पडदा जोडला. “आता?”

हे बराच वेळ बघत राहिले. “आहे,” म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

साहेब म्हणाले, “घारसाहेब, कंपनीत मला उत्तर द्यायचं आहे. मशीनचा दोष असेल तर तसं लिहीन, मशीन ज्यांनी बनवलं त्यांच्याकडे जाईन. पण तुमच्याशिवाय हा डाग कोणी बघितलाय का?”

“हिला विचारा,” हे म्हणाले. “हिने बघितलाय.”

सगळे माझ्याकडे वळले. हेही वळले. आणि नेहमीसारखे माझ्या कानापाशी बघू लागले. मी त्या क्षणी पहिल्यांदा ह्यांच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. त्यात राग नव्हता. कोणी पाण्यात पडलेली वस्तू शोधतं तसे ते मला शोधत होते. दाराची चौकट, पेला, सुई, शिवणवाली, फोन, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

हो म्हटलं असतं तर ह्यांची अब्रू राहिली असती. मशीनवाल्यांवर गेलं असतं सगळं. वन्सं माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, हो म्हण, हो म्हण. मी मनात म्हटलं, देवा, तूच बोल. तो कसला बोलतो? त्या भाजलेल्या बाईचे हात मात्र डोळ्यांपुढून हलेनात.

“मला डाग कधीच दिसला नाही,” मी म्हटलं.

मशीनची थाळी रिकामीच फिरत होती.

“मग तेव्हा हो का म्हणालीस?” ह्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

“तुम्ही विचारलंत म्हणून.”

सेटिंगवाल्यांनी नऊची तीन केली आणि आम्ही पास केलेल्या रिंगांची एक पिशवी ओतली. फुस्स, फुस्स, फुस्स.

१० मार्च

डोळ्यांचे डॉक्टर. तीन तास बसलो. मग त्यांनी ह्यांच्या हातात बारीक चौकटी छापलेला कागद दिला, मधे एक टिंब. एक डोळा झाकून टिंबाकडे बघा म्हणाले.

“टिंब नाही,” हे म्हणाले. “मधे डाग आहे. आणि रेघा वाकड्या छापल्या आहेत.”

दुसरा डोळा. तसंच.

मी कागद बघितला. एकही रेघ वाकडी नव्हती.

डोळ्याच्या आत पडदा असतो म्हणे, आणि त्याचा अगदी मधला भाग झिजला आहे, ज्याने बारीक दिसतं तोच. आमच्या दाराची चौकट, मशीनचा डाग, सगळं तिथलंच होतं. चष्म्याने भागणार नाही. गेलं ते परत यायचं नाही, उरलेलं टिकवायचं बघू. मी विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, “आधी आला असतात तर आधी कळलं असतं.” एवढंच. मोठी माणसं असंच बोलतात.

ह्यांना म्हणाले, “सरळ बघायला गेलात की हरवेल. जरा बाजूला बघायची सवय करा, मग वस्तू दिसेल.”

“ती सवय झालेली आहे मला,” हे म्हणाले.

म्हणजे एवढे दिवस कानापाशी बघत होते ते मला बघायलाच. आणि मी जेवण सोडून बसले होते. हे मला कोणाला सांगता येत नाही, आणि सांगून करायचं काय?

१३ मार्च

मशीन गेलं. ह्या वेळी दारातून लगेच बाहेर गेलं, कडी आधीच काढून ठेवली होती. टेबलापाशी जमिनीवर त्याच्या चार पायांचे फिकट चौकोन राहिले आहेत. काम दुसरीकडे गेलं. साहेब वाईट बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

हे जुन्या जागी दिवा लावून बसले होते. मी रुमालात ठेवलेली रिंग त्यांना दिली. बोटांनी कळतं म्हणतात लोक. त्यांनी ती चिमटीत धरून सगळी फिरवली, परत फिरवली. कळली नाही. मग ताणायला सांगावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडाने सांगू? वन्सं म्हणाल्या, “अरे, ठेव ती आता,” आणि ह्यांच्या हातातून काढून घेतली, लहान पोराच्या हातातून विळी काढून घ्यावी तशी.

१८ मार्च

कंपनीने पिशव्या परत मागवल्या आहेत. पुष्कळशा आल्या. सगळ्या नाही. दुकानदार म्हणतात विकल्या, कोणी घेतल्या ते काय लिहून ठेवतो का आम्ही? दुकानांवर सूचना लावली आहे. मी जाऊन बघून आले. बिस्किटांच्या जाहिरातीखाली अर्धी झाकली गेली आहे. मी जाहिरात वर सरकवली. दुकानदार बघत होता.

मी आणि वन्सं वाटीत साबणाचा फेस घेऊन आमच्या गल्लीत दारोदार गेलो. रेग्युलेटरपाशी फेस लावायचा, बुडबुडा आला की गळती. काहींनी आत घेतलं. काही म्हणाले, नंतर या. शिवणवालीने दार उघडलं, आमच्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. “आता माणसं दिसायला लागली वाटतं,” म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. ती बाजूला झाली आणि आत या म्हणाली. तिच्याकडे बुडबुडा आला नाही. एका घरी आला. त्या बाईने सिलिंडर बंद केला आणि आम्हाला पाणी विचारलं. हे बरोबर येतो म्हणाले होते. वन्सं म्हणाल्या, तू येऊन काय बघणार? मग जीभ चावली.

गल्ली संपली. पुढे दुसऱ्या गल्ल्या आहेत. त्यांच्या पुढे गाव आहे. त्या बाईचे हात भाजले ते गावही आमचं नव्हतं.

२५ मार्च

पहाटे उठून स्वयंपाकघरात जाते ती आधी दारातच थांबते. दिवा लावत नाही, बटण दाबत नाही. वास घेते. आमच्या सिलिंडरला त्या रिंगा नाहीत, मला माहीत आहे. तरी घेते. कुठल्या तरी घरात ह्याच वेळी कोणीतरी न थांबता आत जात असेल, काडी हातात घेऊन. देवाकडे रोज तेवढंच मागते, दुसरं मागायला तोंड नाही.

आज हे मागे येऊन उभे राहिले. भिंतीला हात लावून.

“काय करतेस?”

“वास घेतेय.”

“येतोय?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

मी काडेपेटी उचलली. हे तिथेच उभे. मग म्हणाले, “थांब.” भिंत सोडून सावकाश पुढे आले, शेगडीपाशी वाकले, आणि डोळे मिटून त्यांनी स्वतः वास घेतला, एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

“लाव आता,” म्हणाले.